स्टेंटच्या बातमीत आकडा कुठे आहे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘मेंदूत स्टेंट बसवून रुग्णाला जीवदान’ ही बातमी मध्यंतरी आपल्या पुणे पानावर वाचली. मधोमध पुष्पगुच्छ घेतलेले गृहस्थ, दोन्ही बाजूंना डॉक्टर मंडळी, मागे रुग्णालयाचा फलक. गृहस्थ बरे झाले याचा आनंदच आहे. पण बातमी आली त्या दिवशी आमच्या सोसायटीतून मला फोनवर फोन आले, कारण आमच्या सौ.च्या मेंदूतही असाच स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. एकाने विचारले, “काका, आईला मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय, तर आत्ताच बसवून टाकायचा का?” दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, “हृदयात बसवतात तसाच ना तो? मग घाबरायचं काय त्यात?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे त्या बातमीत असायला हवी होती. नव्हती, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच तर कुठेही लावा, फक्त शेवटचा परिच्छेद सोडा.

मी डॉक्टर नाही. आयुर्विमा महामंडळाच्या क्लेम खात्यात माझी सगळी नोकरी गेली. माणसे कोणकोणत्या कागदांवर न वाचता सह्या करतात ते मी पोटभर पाहिले आहे. त्यामुळे ‘शंभरात किती?’ हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. सौ. याला खोड म्हणते.

आधी बातमीतला घोळ. एकाच वाक्यात ‘रक्ताची गाठ काढली’, ‘अँजिओप्लास्टी केली’ (म्हणजे आत फुगा फुगवून वाहिनी रुंद केली) आणि ‘स्टेंट बसवला’ असे तिन्ही छापले होते. एकाच रुग्णाला या तिन्हींची गरज पडू शकते, पण त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने अचानक बंद झाली तर पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेऊन गुठळी ओढून काढतात. याचा उपयोग होतो हे २०१५ मध्ये पाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी पक्के केले, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत गेली. आता गंमत अशी की गुठळी ओढायला वापरतात तीही स्टेंटसारखीच जाळी असते, पण ती गुठळीत रुतवून गुठळीसकट बाहेर घेतात. आत काही ठेवत नाहीत. कायमचा स्टेंट हे तिसरेच प्रकरण. वाहिनी आतून चरबीचे थर चढून अरुंद झाली असेल तर त्याचा विचार होतो, आणि अशी अरुंद वाहिनी सापडलेल्या बहुतेकांना तो बसवायचा नसतो. हे चार ओळींत सांगून झाले असते. त्या चार ओळींची जागा पुष्पगुच्छाला गेली.

आणि हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे असेही नाही. गोऱ्या लोकांमध्ये मानेतली मोठी वाहिनी अरुंद होण्याचे प्रमाण अधिक, तर आशियातल्या लोकांमध्ये कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचे. आपण त्यात आलोच. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही कारणे. तंबाखू म्हटले की आपल्याला गुटखा खाणारा पुरुषच आठवतो, पण वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीने सौ.ला पहिल्या चार प्रश्नांतच विचारले, “आजी, मिश्री लावता का?” सौ. लावत नाही. शेजारच्या कॉटवरच्या आजींनीही ठामपणे नाही म्हणून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी चादर बदलताना त्यांच्या उशीखालून डबी निघाली. भाजलेली तंबाखू दातांना लावली तरी ती तंबाखूच, हे आजींना बिचाऱ्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आता आमचे. सौ.ला मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू. एके दिवशी सकाळी दूध तापवताना तिच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि हात जड झाला. दहा-पंधरा मिनिटांत सगळे जागेवर. संध्याकाळी मात्र बोलता बोलता शब्द अडखळायला लागले. किल्ली हवी होती, पण ‘कि… कि…’च्या पुढे गाडी जाईना. शेवटी तिने बोटाने खुंटी दाखवली. शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो. पहिल्या रुग्णालयात सीटी स्कॅनचे मशीन होते, ते चालवणारा माणूस मात्र त्या वेळी नव्हता. तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात. तिथे दारातच विचारले, “पूर्ण ठीक अशा शेवटच्या कधी पाहिल्या होत्या तुम्ही?” झटक्याच्या बाबतीत सगळी घड्याळे या एका वेळेपासून मोजतात. लक्षणे दिसली ती वेळ धरत नाहीत, त्याआधी माणूस धडधाकट दिसला होता ती धरतात. वाचकांनी एवढे एक ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला बारीक ठिपक्यांची रांग दिसली, आणि त्या बाजूची मुख्य वाहिनी एका जागी जवळजवळ मिटत आलेली. ही वाहिनी मुळातच उदबत्तीच्या काडीएवढी, अडीच-तीन मिलिमीटरची. तोपर्यंत बोलणे परत स्वच्छ झाले होते, त्यामुळे इंजेक्शन नाही. वाहिनी पूर्ण बंद नाही, त्यामुळे ओढायला गुठळीही नाही. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी धरू न देणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची मोठ्या ताकदीची गोळी सुरू केली, सलाइन लावले, आणि दोन गोष्टी अशा केल्या की आमची मंडळी चक्रावली. सौ.च्या डोक्याखालची उशी काढून घेतली आणि रक्तदाबाची गोळी बंद केली. मॉनिटरवर १७० दिसत होते. आमचे जावई सिस्टरशी भांडायला निघाले. “बीपीनं झटका आला आणि बीपीचीच गोळी बंद?” न्यूरॉलॉजिस्टनी शांतपणे समजावले. वाहिनी इतकी अरुंद असेल तर पलीकडे रक्त पोहोचायला मागून जोर लागतो. आज बीपी खाली आणले तर पलीकडचा भाग सुकेल. कॉट सपाट ठेवायची तीही त्यासाठीच.

हे सगळे कागदावरचे वाटले असते, पण दुसऱ्या दिवशी डोळ्यांनीच पाहिले. सौ.ने चहाचा हट्ट धरला. सिस्टरने कॉटचे डोके थोडे वर केले आणि कप हातात दिला. चार घोट गेले असतील नसतील, कप उजव्या हातातून कलंडला. तोंड उघडले, पण ‘पुरे’ म्हणता येईना. सिस्टरने कप काढून घेतला आणि कॉट सपाट केली. मी घड्याळ पाहिले नाही, पण फार वेळ गेला नाही. छताकडे बघत सौ. स्पष्ट म्हणाली, “सांडला सगळा.” पाठ टेकली की वाचा येते आणि उठून बसले की जाते, असा हा आजार. डॉक्टर आपापसात याला ‘फ्लक्चुएट होतंय’ म्हणत होते.

एक-दोन दिवस असे काढले. मग एका रात्री सपाट झोपलेली असतानाच हात गेला, आणि तो परत येईना. सलाइन वाढवून झाले, औषधाने बीपी आणखी चढवून झाले. पुन्हा एमआरआय केला तेव्हा ठिपके वाढलेले. सगळी औषधे चालू असताना माणूस डोळ्यांदेखत खाली जातो, त्या वेळी मेंदूतल्या स्टेंटचा प्रश्न येतो. आपल्या बातमीत हेच वाक्य नव्हते. सोसायटीतल्या त्या मुलाला मी हेच सांगितले. तुझी आई वर्षभर ठणठणीत आहे, तिच्या वाट्याला हे नको. तिच्या गोळ्या, तिची साखर, तिचे बीपी, हे बघ.

रात्री मास्क गळ्यात अडकवून इंटरव्हेन्शन, म्हणजे वाहिनीतून नळी नेऊन उपचार करणारे डॉक्टर बाहेर आले आणि आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. हातात संमतिपत्र. माझ्या नोकरीतली सवय उफाळून आली. मी म्हटले, “डॉक्टर, शंभरात किती जणांचं बिघडतं?” मुलीने माझा हात दाबला. डॉक्टरांनी मात्र कागद बाजूला ठेवला. म्हणाले, “काका, पहिल्या आठवड्यात हे करू नये असं पुस्तक सांगतं, आणि पुस्तक बरोबर आहे. पण पुस्तक स्थिर झालेल्या पेशंटसाठी लिहिलंय. या स्थिर नाहीत. काही न करण्याचाही एक धोका असतो, तो आज वाढत चाललाय.” मग त्यांनी जगातले आकडे सांगितले आणि न विचारता स्वतःच्या कॅथलॅबचाही (जिथे हे नळीचे काम होते तिथला) सांगितला. तो इथे देत नाही, कारण त्यांचे नावही देत नाही. मी सही केली.

जगातले आकडे मात्र देतो. नंतर मुलीबरोबर बसून मी ते पडताळून घेतले. मेंदूतल्या अरुंद वाहिनीसाठीच्या विंगस्पॅन नावाच्या स्टेंटला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये मर्यादित परवानगी दिली. कल्पना सरळ होती. वाहिनी अरुंद आहे ना, मग ती उघडा. २०११ मध्ये सॅम्प्रिस नावाच्या चाचणीचा निकाल आला. ४५१ रुग्ण. सगळ्यांची वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद आणि सगळ्यांना नुकताच झटका किंवा त्याची चाहूल येऊन गेलेली. निम्म्यांना कडक औषधोपचार, निम्म्यांना तोच औषधोपचार अधिक स्टेंट. तीस दिवसांत नवा झटका किंवा मृत्यू असा निकष लावला तर नुसत्या औषधांच्या गटात शंभरात ५.८, आणि स्टेंटच्या गटात १४.७. अडीच पट! नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवावे लागले. २०१५ मध्ये फुग्यावर बसवलेल्या दुसऱ्या जातीच्या स्टेंटची चाचणी झाली, तिचेही तेच. ‘उघडली की झाले’ हा सरळ हिशेब मेंदूने मानला नाही.

का मानला नाही, तेही डॉक्टरांनी आकृती काढून दाखवले. हृदयाची वाहिनी स्नायूच्या आधाराने असते. मेंदूची वाहिनी पाण्यात तरंगल्यासारखी, भिंत पातळ, बाहेरून आधार नाही. वर नेलेली तार टोचली, फुगा जरा जास्त फुगला, की रक्तस्राव थेट मेंदूभोवती. शिवाय तिच्या पाठीवरून केसासारख्या बारीक शाखा निघून मेंदूच्या गाभ्यात जातात. फुगा फुगवताना आतला चरबीचा थर सरकून त्यांची तोंडे बुजली, तर मोठी वाहिनी मोकळी होते आणि हात-पाय तरीही जातात. वहिनींच्या ‘हृदयासारखाच ना’ या प्रश्नाचे हे उत्तर.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि ‘मेंदूत स्टेंट म्हणजे मूर्खपणा’ असे छापायलाही मी सांगत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेने विंगस्पॅन स्टेंटची परवानगी आवळली. पूर्ण औषधोपचार चालू असताना दोन किंवा अधिक झटके आलेले, शेवटचा झटका येऊन सात दिवसांपेक्षा जास्त झालेले, वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद आणि माणूस बऱ्यापैकी सावरलेला, एवढ्यांनाच. मग या चौकटीत बसणाऱ्या १५२ रुग्णांना अनुभवी हातांनी स्टेंट बसवून नोंद ठेवली तेव्हा पहिल्या ७२ तासांत झटका किंवा मृत्यूचे प्रमाण २.६ टक्के निघाले. हा निकाल २०१९ चा. २०२२ मध्ये चीनमधल्या चाचणीत, निवडक रुग्ण आणि सराव असलेले डॉक्टर असूनही, स्टेंट आणि नुसती औषधे यांत फरक पडला नाही: झटका किंवा मृत्यू ८ टक्के विरुद्ध ७.२. आणि २०२४ मध्ये चीनमध्येच ५०१ रुग्णांवर स्टेंटऐवजी नुसता फुगा, तोही वाहिनीच्या मापापेक्षा लहान आणि हळूहळू फुगवून, असा प्रयोग झाला. वर्षभराच्या हिशेबात फुग्याच्या गटात ४.४ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात १३.५ टक्के रुग्णांचे बिघडले. म्हणजे वारे बदलू शकते. तेच काम, पण कोणावर, कधी आणि कोणाच्या हातून, यावर आकडा पार पालटतो. क्लेम खात्यात आम्ही वेगळे काय पाहत होतो?

तरी यातली मेख सांगायलाच हवी. या चाचण्या प्रामुख्याने स्थिर रुग्णांच्या आहेत. सौ.सारखी औषधे चालू असताना घसरत जाणारी माणसे त्यांत घेतलेली नसतात. अशांसाठी जो आधार आहे तो ठिकठिकाणच्या रुग्णालयांनी आपापले अनुभव मांडले आहेत तेवढाच, आणि ज्याचे बिघडले त्याचा अनुभव मांडायचा उत्साह कुणालाही कमीच असतो. माझ्या शेजारी बाकावर बसून त्या डॉक्टरांनी हे कबूल केले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

काम पूर्ण भुलीखाली झाले. फुगा हळूहळू फुगवला, मग जाळी सोडली. बाहेर आल्यावर नवीनच फर्मान निघाले. आता बीपी १४० च्या खाली पाहिजे! काल ज्या १७० साठी धडपड चालली होती, ते आज दिसले की सिस्टर धावत येत. इतके दिवस थेंबाथेंबावर जगलेल्या मेंदूत एकदम पूर्ण जोराने रक्त गेले तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो, हे त्याचे कारण. जावईबापूंनी या वेळी वाद घातला नाही.

घरी आल्यानंतरचा भाग बातम्यांत कधीच नसतो. स्टेंट म्हणजे शरीराच्या दृष्टीने परकी जाळी. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून दोन गोळ्या काही महिने अजिबात न चुकवता घ्यायच्या. आणि इथेही एक खाचखळगा आहे. क्लोपिडोग्रेल ही गोळी पोटात गेली की लगेच काम करत नाही, यकृतातल्या एका विकराने (एन्झाइमने) तिचे रूपांतर करावे लागते. काही लोकांत तो विकर जन्मतःच दुबळा असतो, आणि आशियाई लोकांत अशांचे प्रमाण युरोपियनांपेक्षा जास्त आहे. त्यांनी गोळी नेमाने घेतली तरी तिचा असर कमीच. सौ.ची तपासणी केली, तिची गोळी बदलावी लागली. डॉक्टर सुचवत नसतील तर निदान विचारावे. कोलेस्टेरॉलमधले ‘वाईट’ ते ७० च्या खाली. सुरुवातीला सौ.ने गोळ्यांच्या डब्याला ‘आमचा देव्हारा’ म्हणायला सुरुवात केली, कारण सकाळी आधी त्याचे दर्शन.

ती कशी आहे? बोलणे बहुतेक परत आले. नातवंडांच्या नावांची अदलाबदल होते, आणि फोनवर समोरचा भरभर बोलला तर मागे पडते. उजव्या हाताची पकड अर्धवट. चेक सही होतो, बँकेने सही जुळत नाही म्हणून नवा नमुना घेतला. पोलक्याचे हूक लागत नाहीत, चकलीचा सोऱ्या फिरवता येत नाही, त्यामुळे गेल्या दिवाळीत चकल्या मी पाडल्या. त्या तुटल्या आणि त्याबद्दल मला तिच्याकडून पूर्ण वाक्यांत ऐकून घ्यावे लागले. मी समाधानी आहे. पण हा ‘चमत्कार’ नाही, आणि स्टेंट घातला नसता तर काय झाले असते हे मला कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

झटक्याचे डॉक्टर निकाल मोजतात ते साधारण ९० दिवसांनी, शून्य ते सहा अशा पट्टीवर. शून्य म्हणजे काहीही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. मधले आकडे रोजच्या जगण्याचे. एकट्याने चालता येते का, आपले व्यवहार आपण पाहता येतात का, कपडे बदलायला कुणी लागते का. घरी सोडण्याच्या दिवशीचा पुष्पगुच्छ या पट्टीवर कुठेच बसत नाही. आपले बातमीदार घरी सोडण्याच्या दिवशी जातात ते बंद करा असे मी म्हणत नाही, पण ९० दिवसांनी पुन्हा एकदा जायला काय हरकत आहे? आणि जाताना रुग्णालयाला दोन आकडे विचारावेत. गेल्या वर्षात मेंदूत असे स्टेंट किती बसवले, आणि त्यांपैकी किती जणांना तीस दिवसांत झटका आला किंवा मृत्यू आला. जे रुग्णालय हे दोन आकडे देईल त्याची बातमी मोठी छापा. जे देणार नाही त्याचा फलक फोटोत कशाला?

पैशाचे थोडक्यात. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, साध्यासाठी ७,२६०. मेंदूच्या स्टेंटला अशी कमाल मर्यादा नाही आणि त्याची किंमत लाखांच्या घरात जाते. सौ.च्या फाइलमध्ये स्टेंटच्या वेष्टनावरचे स्टिकर चिकटवलेले आहे, क्रमांकासकट. ते मी मागून घेतले. विमा कंपनीने ‘ही शस्त्रक्रिया तातडीची का होती’ असे पत्र पाठवले तेव्हा ते स्टिकर, दोन्ही एमआरआयचे अहवाल आणि नर्सच्या नोंदवहीतली ‘रात्री उजवा हात हलत नाही’ ही ओळ एवढ्यावर दावा मंजूर झाला. वाचकांनी घरी येताना ही तीन कागदपत्रे मागून घ्यावीत. मात्र ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांनी मध्यरात्री संमतिपत्राबरोबर लाखांचा कागदही वाचायचा, हे काही बरोबर नाही. आपल्या खासदारांपैकी कुणी हा प्रश्न संसदेत विचारला तर बरे होईल.

आता शेवटचे. स्टेंटची वेळ फार थोड्यांवर येते. पहिल्या साडेचार तासांची वेळ मात्र झटका आलेल्या प्रत्येकावर येते. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, एकदम तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, एवढे दिसले की १०८ ला फोन करायचा. पण जायचे कुठे? दर वर्षी गणपतीत आपण बंद रस्त्यांचा नकाशा छापता. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शिवाजी रस्ता कधी बंद, वळसा कुठून, पार्किंग कुठे, सगळे तपशीलवार. बिबवेवाडी-कात्रजच्या माणसाला विसर्जनाच्या रात्री डेक्कनकडे जाणे म्हणजे काय हे आपण जाणताच. त्याच नकाशात, पार्किंगच्या खुणांच्या बरोबरीने, रात्रभर सीटी स्कॅन चालू असणारी आणि गुठळी काढणारे डॉक्टर रात्री हजर असणारी रुग्णालये दाखवा. नदीच्या अलीकडची वेगळ्या रंगात, पलीकडची वेगळ्या रंगात. नुसते मशीन असलेली धरू नका. मशीन चालवणारा माणूस रात्री दोन वाजता तिथे असतो का, हे बातमीदाराने फोन करून, रात्री दोन वाजताच, विचारावे. ही यादी मिळवायला मदत लागली तर मी रिकामाच आहे. फोन मी करीन, तुम्ही छापा.

कळावे,

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
बिबवेवाडी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे, छापू नये.)